गिरजामाय ज्याला ओळखायची

मी हिंगोलीला एका खाजगी दवाखान्यात नर्स आहे. चौदा वर्षं झाली. शेजारच्या खाटेवर माणूस नुकताच गेलेला असताना, नातेवाईक यायच्या आत उभ्या उभ्या डबा खाल्लेली बाई आहे मी. त्यामुळे भूत, करणी, भानामती असलं काही कोणी काढलं की माझं डोकंच सटकतं. सासूबाईंशी माझी निम्मी भांडणं याच विषयावरून होतात. त्या म्हणतात लेकराला दृष्ट लागली, मी थर्मामीटर आणते. हे आधी एवढ्यासाठी सांगतेय की पुढचं वाचून 'बाई भोळी दिसते' असं खाली कोणी लिहू नये. भोळी असते तर बरं झालं असतं... निदान वेळेवर घाबरले असते.

माझं माहेर सेनगाव तालुक्यात, गोरेगावपासून जीपनं वीस मिनिटांवर. गावाचं नाव देत नाही, आईला आवडणार नाही. साधं स्लॅबचं घर, पुढे ओटा, ओट्यासमोर मोठं अंगण. घरात आई, अण्णा म्हणजे माझे वडील, आणि अण्णांची आई गिरजाआजी. सगळं गाव तिला गिरजामाय म्हणायचं, कारण ती सुईण होती. दवाखान्याची गाडी गावात येऊ लागेपर्यंत गावातली लेकरं तिच्याच हातावर झाली. मीसुद्धा.

आमच्या गावात एक रीत होती. बाकीकडे बारशाला आत्या कानात कुर्र करते. आमच्याकडे आत्याच्या आधी सुईण. जिनं नाळ कापली तिनंच बाराव्या दिवशी बाळाचा कान धरून कुर्र करायचं, पाळण्यातलं नाव सांगायचं आणि नाव पक्कं बसावं म्हणून पाठीवर हलकी थाप मारायची. हे नाव पुढे कोणी वापरायचं नाही. शाळेत वेगळं, घरात वेगळं. पाळण्यातलं नाव सुइणीला आणि आईला माहीत, बस्स.

अण्णांच्या जन्माच्या वेळी आजीची सासू, म्हणजे आधीची सुईण, नुकतीच वारली होती. म्हणून अण्णांच्या कानातही आजीनंच सांगितलं. आणि माझी लेक ओवी झाली तेव्हा लॉकडाऊन होता. नणंद पुण्यात अडकलेली, आजीचे हात थरथरत होते. मग अण्णाच हौसेनं पुढे झाले. आजीनं शेजारी बसून शिकवलं, 'कान असा धर, रे, असा.' मिशा लागून ओवी रडली, आम्ही हसून हसून बेजार. रीतीप्रमाणे आईला, म्हणजे मला तरी कळायला हवं होतं, पण कानात काय नाव सांगितलं ते अण्णांनी आजपर्यंत आम्हाला सांगितलं नाही. 'ते आमचं दोघांचं,' म्हणायचे.

त्यानंतर वर्ष-दीड वर्षात आजी विसरायला लागली. आधी चूल विझवायची विसरली, मग जेवल्याचं, मग माणसं. नांदेडला नेऊन स्कॅन केला. डिमेन्शिया. मला नवीन नव्हतं, वॉर्डात रोज बघते. पण घरातलं माणूस समोर बसून आपल्याला 'कोणाची गं तू?' विचारतं ना, तेव्हा सगळं शिक्षण एका बाजूला राहतं.

सगळ्यात वाईट हाल अण्णांचे. तिला उठवणं, औषध देणं, केस विंचरणं सगळं तेच करायचे. साठी उलटलेला माणूस आईच्या केसांना तेल लावतोय, आणि ती मागे वळून म्हणते, "पाव्हणं, च्या घेतला का?" दोन वर्षं ती त्यांना पाव्हणं म्हणत होती. अण्णा रोज सकाळी एकदा विचारायचेच, "माय, मी कोण?" ती नीट बघायची आणि म्हणायची, "न्हाई बा वळखलं. वसमतचे का तुमी?" अण्णा हसायचे आणि उठून गोठ्याकडे जायचे. ते तिथं जाऊन काय करतात हे आई मला कधी सांगायची नाही, पण मला कळायचं.

आता यात माझी अक्कल. डॉक्टर म्हणाले होते की ताजं आधी पुसतं, जुनं उशिरापर्यंत राहतं. मी म्हटलं, मग जुनंच समोर आणू. आजीच्या हातावर जन्मलेल्या लोकांची वहीत यादी केली आणि दर रविवारी एकेकाला घरी बोलवायचं ठरवलं. तिच्याशी बोलायचं, जुन्या गोष्टी काढायच्या. स्वतःवर फार खूश होते मी. त्या यादीतलं पहिलं नाव माझ्या हातचं आहे, हे कायम लक्षात राहील.

पहिले आले दगडूकाका, शेजारचेच. त्रेसष्ट वय. आजीसमोर मांडी घालून बसले.

"गिरजामाय, वळखलं का मला?"

"न्हाई बा."

"तुझ्याच हातावर झालो न्हवं का मी."

आजी बघत राहिली. मग तिनं बोट वाकडं करून त्यांना जवळ बोलावलं. काका पुढे सरकले. तिनं त्यांचा कान धरला, तोंड जवळ नेलं आणि "कुर्रर्र..." करून काहीतरी पुटपुटली. पाठीवर थाप मारली. तेवढा वेळ तिचे डोळे एकदम स्वच्छ होते, अगदी माझ्या लहानपणी होते तसे. आणि दुसऱ्या मिनिटाला, "पाव्हणं, च्या घ्या."

काका माझ्याकडे वळले. "पोरी, नारायण म्हणली गं मला! माझी माय जाऊन तीस वर्षं झाले, तिच्याबिगर कोणालाच म्हाईत न्हवतं हे. माझ्या बायकोला सुदिक न्हाई." रडायलाच लागले. आईनं शिरा केला. मी वहीत त्यांच्या नावापुढे बरोबरची खूण केली. अण्णा म्हणाले, "चांगलं झालं," आणि गोठ्याकडे गेले.

पुढच्या आठवड्यात गुरुवारी दगडूकाका हॉटेलच्या बाकड्यावर चहा पिता पिता गेले. शुगर होती, बीपी होतं, गोळ्या वेळेवर घेत नव्हते. मी स्वतः त्यांना दोनदा रागावले होते. त्यात नवल काहीच नव्हतं.

मग शोभाकाकू. गावातलीच लेक, गावातच दिलेली, बावन्न-त्रेपन्न वर्षांची, अंगानं एकदम दणकट. आजीनं दोन रविवार तिला ओळखलं नाही. तिसऱ्या रविवारी तोच प्रकार. वाकडं बोट, कान, कुर्र, थाप. काकू म्हणाली, चंद्रभागा म्हणाली मला, आणि खरंच माझं नाव तेच, आई सांगायची. पुढच्या आठवड्यात न्हाणीत पाय घसरला, डोकं आपटलं. आमच्याच दवाखान्यात आणली होती. माझ्या ड्यूटीत गेली.

गुरुवार होता. पण हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही, देवाशप्पथ.

तिसरा संतोष. गोरेगाव-सेनगाव जीप चालवायचा, अडतीस वर्षांचा, माझ्या वर्गातला. त्याला मी मुद्दाम बोलावलंसुद्धा नव्हतं. त्या रविवारी मला गोरेगावहून सोडायला आला आणि आई म्हणाली म्हणून पाणी प्यायला आत आला. आजी ओट्यावर बसलेली. तिनं बोट वाकडं केलं.

"जा की," मीच म्हटलं. "आजी बोलावून राहिली तुला."

तो हसत हसत वाकला. गंगाधर म्हणाली त्याला. अंगणात उतरून मला म्हणतो, "काहून गं, म्हातारी विसरली म्हणता न्हवं का? मला तर बराबर वळखलं तिनं!"

बाराव्या दिवशी त्याची जीप रस्त्याच्या कडेला उभी होती. उभी, बंद. तो खाली उतरून टायर बघत होता आणि मागून ट्रॅक्टर आला. लहान लेकरं आहेत त्याला.

मयतीला मी गेले होते. तिथं बायकांत कोणीतरी म्हणालं, "आज गुरुवार, दत्ताचा वार, पुण्यवान माणूस." मी घरी येऊन वही काढली. तिन्ही वेळा रविवारी कानात सांगितलेलं. तिन्ही वेळा पुढच्या आठवड्यातला गुरुवार. रविवार धरून मोजला की बारावा दिवस. तीनदा मोजलं, बोटांवर, मग कॅलेंडरवर. जन्मल्यावर बाराव्या दिवशी ती नाव देत होती ना... हातातली वही मी चुलीत घातली. आईनं विचारलं काय जाळतेस, मी म्हटलं जुनी आहे.

गावाला मोजायला वही लागत नाही. महिनाभरात आमच्या ओट्यावर कोणी फिरकेना. बायका हंडा घेऊन पलीकडच्या गल्लीनं जायच्या. एक शेजारीण मात्र उलटीच आली. तिचा सासरा, आजीच्याच हातावर झालेला, चार वर्षं अंथरुणावर. हळूच म्हणाली, "त्याला उचलून आणू का? गिरजामायनं नाव घेतलं तर सुटंल बिचारा." मी तिला जे काही बोलले ते इथं लिहिता येणार नाही. पण ती वेडगळ बोलत नव्हती. आम्ही सगळे मनात जे म्हणत होतो तेच ती तोंडानं म्हणाली.

आणि घरात अण्णा रोज सकाळी विचारतच होते, "माय, मी कोण?"

मी त्यांना समोर बसवलं. "अण्णा, हे विचारणं बंद करा."

"काहून?"

"तुम्हाला माहितीय काहून."

अण्णांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "बाई, दोन वर्षं झाले मी माझ्या मायचा पाव्हणा हाय. एकदा तिनं मला नावानं हाक मारली ना, मंग काय व्हायचं ते होऊ दे."

"आणि आईनं काय करायचं मग? मी काय करायचं?" मी ओरडलेच. मी नर्स, सायन्सवाली, आणि बापाला सांगतेय की स्वतःच्या आईनं तुम्हाला ओळखलं तर तुम्ही मराल! माझी मलाच लाज वाटत होती, तरी थांबता येईना. हातावर हात मारून वचन घेतलं. अण्णांनी दिलं. पण मला माहीत होतं, हा माणूस वचन पाळायचा नाही. दर रविवारी मी हिंगोलीहून यायचे ती आता आजीसाठी नाही, अण्णांवर पहारा द्यायला.

हळदीचे दिवस होते. शिजवलेली हळद अंगणभर वाळत घातलेली, पाय ठेवायला जागा नाही. दुपारचे दोन-अडीच. मी स्वयंपाकघरात भांडी लावत होते. आणि अंगणातून आवाज आला. "कुर्रर्र..."

हातातलं पातेलं तिथंच टाकलं. हळद तुडवत अनवाणी पळाले. कडुनिंबाखाली बाजेवर आजी, आणि तिच्यासमोर अण्णा गुडघ्यांवर बसलेले, डोळे घट्ट मिटलेले. तिनं त्यांचा कान धरलेला. ओठ कानाला टेकलेले.

"आजी! सोड! सोड त्यांना!"

तिनं मान वर केली. मला आजही ते डोळे दिसतात. पूर्ण शुद्धीत होती ती.

"काहून वरडून राहिली गं? माय हाय मी त्याची."

तिनं कान सोडला. दोन्ही हातांनी अण्णांचा चेहरा धरला. आणि शांतपणे म्हणाली, "वळखते मी तुला. रोज वळखते. नाव न्हाई घेणार."

अण्णा लहान पोरासारखे तिच्या मांडीवर पडून रडले. आजी त्यांच्या केसांतून हात फिरवत होती. मग हात थांबला. तिनं त्यांच्याकडे बघितलं, थोडी मागे सरकली आणि म्हणाली, "उठा पाव्हणं. घरी जा. तुमची लेकरं वाट पाहून राहिली असतील."

रोज ओळखते. म्हणजे ती दोन वर्षं... मी हा विचार अर्धाच सोडते. पुढे करवत नाही.

त्या दिवसानंतर आजीनं खाणं सोडलं. मी रजा टाकून माहेरीच राहिले, सलाईन लावलं, तिनं ते काढून टाकलं. दोन आठवडे नुसत्या पाण्यावर. नाडी इतकी बारीक की मला रोज वाटायचं आज नाही टिकत, आणि रोज सकाळी ती डोळे उघडायची. अंगाला जखमा झाल्या. फार हाल झाले, फार. एका रविवारी सकाळी ऊन ओट्यावर आलं तेव्हा ती अण्णांना म्हणाली, "माझं नाव कोण घ्यावं? घेणारं कोणीच ऱ्हायलं न्हाई."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी नको म्हणायला हवं होतं का? माहीत नाही. त्या जखमा मीच रोज धुवत होते. मी बाजूला सरकले.

अण्णा वाकले. आजीचा कान धरला, जसा तिनं लॉकडाऊनमध्ये शिकवला होता तसा. कुर्र केलं. काहीतरी बोलले. तिच्या पाठीखाली हात घालून हळूच थाप मारली. आजीचा चेहरा सैल झाला, बाळ झोपताना होतो तसा. ती पुढच्या आठवड्यात गुरुवारी गेली. बाराव्या दिवशी.

दिवसकार्य झाल्यावर मी अण्णांना विचारलं, "काय नाव होतं आजीचं? पाळण्यातलं?"

"मला काय म्हाईत," अण्णा म्हणाले. "मी तोंड कानापाशी नेलं अन् ते आपोआप निघालं. आता आठवत सुदिक न्हाई." मग म्हणाले, "माय सांगायची, तिच्या सासूच्या कानात शेवटी तिनंच सांगितलं होतं. तिची सासू बी माणसं विसरली होती म्हणे."

हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते.

आता तुम्ही म्हणाल, योगायोग. एक शुगरचा पेशंट, एक पडून गेलेली, एक अपघात, एक नव्वदीची म्हातारी. आजीला जुनी नावं आठवणं तर पुस्तकात लिहिल्याप्रमाणेच. मीही हेच म्हणते, दिवसातून दहा वेळा. आणि हा आजार घरात चालत येऊ शकतो, हेही मला चांगलं माहीत आहे. कारण आजीला जाऊन आठ महिने झाले, आणि अण्णा विसरायला लागलेत. आधी विहिरीवरच्या मोटारीचं बटण बंद करायचं विसरले. दिवाळीत आईला 'बाई, तुमी कुठल्या?' म्हणाले. नांदेडच्या डॉक्टरांनी तोच कागद हातात दिला. नाव तेवढं वेगळं.

मी रडले नाही. मी हिशोब करत बसले... अण्णा काही सुईण नाहीत. त्यांनी जन्मात कोणाला नाव दिलेलं नाही. त्यांच्याकडे परत घेण्यासारखं कोणाचं काहीच नाही, म्हटलं. हुश्श झालं. आणि मग लॉकडाऊन आठवला. मिशा लागून रडलेली ओवी.

तीन आठवड्यांपूर्वी गेलो होतो माहेरी. मी नको म्हणत असतानाच ओवी धावत अण्णांसमोर उभी राहिली, कंबरेवर हात ठेवून. तिचा हा खेळच आहे. "अण्णाआजोबा, सांगा बरं, मी कोण?"

अण्णा तिच्याकडे खूप वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "न्हाई बा वळखलं. पाव्हण्यांची पोरगी दिसती."

ओवी भोकाड पसरून रडली, आजोबा मला विसरले म्हणून. मी तिला छातीशी धरलं आणि मनात म्हणत होते, विसरा अण्णा, असेच विसरा. ज्या माणसानं मला खांद्यावर बसवून गोरेगावचा बाजार दाखवला, त्यानं माझ्या लेकीला कधीच ओळखू नये म्हणून मी नवस बोललेय. मी! थर्मामीटर आणणारी!

आजीनं अण्णांना ओळखूनही सोडलं होतं. अण्णाही तसंच करून राहिलेत का, की खरंच विसरलेत? कोणाला विचारू? तुमच्यापैकी कोणाकडे याचं उत्तर असेल तर ते मला धीर देण्यासाठी नाही, खरं असेल तरच सांगा.

तेव्हापासून मी ओवीला घेऊन गेले नाही. अण्णांना बघायला जीव तुटतो, तरी नाही. काल आईचा फोन आला होता. म्हणाली, अण्णा बरे आहेत, जेवतात, पण सकाळी उठल्यापासून ओट्यावर बसून रस्त्याकडे बघत असतात. एकच विचारतात दिवसभर.

"काय विचारतात?"

"ती बारकी पोरगी कधी येईल म्हणतात. तिचं कायतरी माझ्यापाशी हाय म्हणतात."